सोलापूरचा उद्योग : गिरणी आणि माग

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला 'शहराची आर्थिक वाढ' हा विषय दिला. तो ऐकताच प्रथम मनात आले की, हे काम अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचे. इतिहासाचा नाद असलेल्या माणसाचे नव्हे. पण थोडा विचार करता असे दिसले की, शहर किती वाढले हे आकडे सांगतात. ते कोणाच्या जिवावर वाढले हे मात्र इतिहासालाच विचारावे लागते. म्हणून हा मोठा विषय आम्ही आपल्या सोलापुरापुरता आवरून घेतला आहे. गावाचा इतिहास गावातच सांगण्यात एक सोय आहे आणि एक धोका आहे. सोय ही की, ठिकाणे समजावून सांगावी लागत नाहीत. धोका हा की, चूक झाली तर ती पहिल्या रांगेतच पकडली जाते. तो धोका पत्करूनच आम्ही उभे आहोत.

या सभागृहात असे अनेकजण असतील की, ज्यांच्या लहानपणी घरात घड्याळ नव्हते, पण वेळ चुकत नव्हती. गिरणीचा भोंगा झाला की चूल पेटे, दुसरा झाला की घरातला कर्ता माणूस डबा घेऊन बाहेर पडे. आज भोंगा नाही. जुनी मिल, जाम मिल ही नावे मात्र आहेत. मुरारजी पेठ हे नाव आहे. नव्या पिढीला ती रिक्षावाल्याला सांगण्याची ठिकाणे वाटतात. ज्या उद्योगाने या शहराला नाव दिले त्याची एवढीच खूण मागे राहावी, आणि तरीही शहर मोडून न पडता साडेनऊ लाख वस्तीचे व्हावे, हे कसे घडले? आजच्या भाषणात आम्हांला एवढ्याच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

पेठ आणि आगगाडी

गिरणीच्या आधीही सोलापूर होतेच. सिद्धरामेश्वरांचे क्षेत्र म्हणून, भुईकोट किल्ल्याचे ठाणे म्हणून त्याचा लौकिक जुना आहे. पण व्यापाराच्या दृष्टीने त्याचे महत्त्व जागेत आहे. मराठी, कानडी आणि तेलुगू या तीन मुलखांच्या शिवेवर हे गाव वसले आहे. शिवेवरच्या गावाला एक फायदा असतो : कोणालाच ते पूर्ण परके वाटत नाही. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत आजही तिन्ही भाषा कानावर पडतात. दुकानदार गिऱ्हाईक पाहून भाषा बदलतो, आणि आपण काही विशेष करतो आहोत असे त्याला वाटतही नाही. पेठेचे हे शिक्षण शाळेत मिळत नाही.

१८१८ मध्ये पेशवाईच्या अखेरच्या लढाईत मन्रोने सोलापूर घेतले. पुढे येथे कलेक्टर कचेरी आली, १८५२ मध्ये नगरपालिका आली. परंतु गावाचा नूर पालटला तो १८६० मध्ये, मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापुरास पोहोचला तेव्हा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७१ मध्ये हा लोहमार्ग रायचूरला मद्रासकडच्या मार्गास मिळाला. अशा रीतीने सोलापूर हे दोन मोठ्या बंदरांना जोडणाऱ्या वाटेवरचे ठाणे बनले.

आगगाडीने येथल्या कारागिराला मारले, असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे. विलायती कापड आले आणि हातसुताचा धंदा बसला. चरख्यावर सूत काढून पोट भरणाऱ्या बायांचा घास गेला, हे खरे. पण विणकर मात्र लगेच उठला नाही. त्याला गाडीने स्वस्त आणि एकसारखे सूत आणून दिले. जाडेभरडे लुगडे, घट्ट विणीचे, गावोगावच्या बाईला हवे त्या रंगाचे आणि हव्या त्या काठाचे, हे काही मँचेस्टरला सहज साधणारे नव्हते. कष्टकरी बाईची आवडनिवड दर चाळीस कोसांवर बदलते. गिरणीला एकाच नमुन्याचे हजारो वार लागतात. मागावर चार लुगड्यांपुरता नमुना बदलता येतो. आमच्या मते सोलापूरच्या मागाचे सारे आयुष्य या एका फरकावर तगले आहे.

दुष्काळ आणि गिरणी

मुंबईचे भाटिया व्यापारी मोरारजी गोकुळदास यांनी १८७४ मध्ये 'सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' काढली. तीच आपली 'जुनी मिल'. १८७७ च्या सुमारास ती चालू झाली. याच सुमारास, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला होता, आणि सोलापूर जिल्हा त्याच्या ऐन तडाख्यात होता. म्हणून दुष्काळी लोकांना काम देण्यासाठी गिरणी निघाली, असा समज होणे साहजिक आहे. पण तारखा नीट पाहिल्या तर कंपनी दुष्काळाच्या आधीची आहे. भांडवलदार येथे आला तो हिशेब करून : कापूस जवळ, आगगाडी दारात, मजूर स्वस्त आणि सुताला गिऱ्हाईक गावातच. हिशेबात चूक नव्हती, आणि आम्ही त्यास दोष देत नाही. मात्र दुष्काळाने त्या हिशेबात एक रक्कम अशी घातली की, जी कोणत्याही वहीत लिहिली गेली नाही. ज्यांची जमीन करपली, बैल मेले, सावकाराने दार धरले, अशी माणसे गावाच्या वेशीशी येऊन उभी राहिली. गिरणीला मजूर शोधावे लागले नाहीत. दुष्काळाने ते दारात आणून सोडले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गिरणी आणि हातमाग हे एकमेकांचे हाडवैरी, असे आपण पुस्तकात वाचतो. सोलापुरात आरंभी तसे नव्हते. गिरणी सूत कातीत होती आणि त्यातील बराच भाग गावातल्याच मागांवर जात होता. गिरणीमुळे माग वाढले आणि मागांमुळे गिरणीचा माल खपला. एकाच ताटातली ही दोन भावंडे होती. भांडण पुढे लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू आणि जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. १९०१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती सुमारे पाऊण लाख भरली. गावातल्या धनिकांनाही या वैभवाचा वाटा मिळाला. अप्पासाहेब वारद यांनी बांधलेले इंद्रभुवन आज महानगरपालिकेची वास्तू आहे. एका व्यापाऱ्याची संपत्ती अखेर शहराच्या कारभाराचे घर झाली, हे त्या वास्तूचे भाग्य. पण सगळ्या संपत्तीच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. गिरण्यांचा कारभार मॅनेजिंग एजंटांकडे असे. अशा एजंटाला विक्रीवर वा उत्पादनावर दलाली घेता येई. भागधारकांना नफा होवो न होवो, त्याची दलाली चुकत नसे. ही पद्धत साऱ्या देशात होती आणि ती कायद्याने बंद व्हायला १९७० साल उजाडले. कमाई येथे आणि कारभाराची किल्ली दुसरीकडे, ही सवय गिरणगावांना या पद्धतीने लावली.

याच्या उलट बाजूचेही उदाहरण सोलापूरनेच दिले. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये येथे झाला. बार्शी लाईट रेल्वेच्या कंत्राटापासून त्यांच्या उद्योगाची सुरुवात झाली. पुढे त्यांनी जहाजे, विमाने आणि मोटारी यांचे कारखाने देशाला दिले. पण ते उभे राहिले मुंबईला, विशाखापट्टणला, बंगलोरला. साखरेसाठी त्यांनी वालचंदनगर नावाचे गावच वसवले. बाहेरचे भांडवल सोलापुरात आले आणि सोलापूरची बुद्धी बाहेर गेली. दोन्ही गोष्टींचा अभिमान बाळगावा, पण दोन्हींची बेरीज मांडण्याचीही सवय ठेवावी.

पूर्व भाग

आता गिरणीच्या तटाबाहेर येऊ. साखर पेठ, कन्ना चौक आणि त्यापलीकडचा तो सगळा पूर्व भाग. येथे जुने साळी, कोष्टी, मोमीन विणकर होतेच. त्यांच्यात तेलंगणातून, त्या वेळच्या निजामाच्या राज्यातून, पद्मशाली विणकर येऊन मिळाले. कोणी दुष्काळाने उठले, कोणी जमीनदाराच्या जाचाने, कोणी केवळ आधी गेलेल्या भाऊबंदाच्या निरोपाने. बरोबर आणण्यासारखे त्यांच्याजवळ फारसे नव्हते. पण ताणा कसा लावावा, खळ किती द्यावी, तुटलेला धागा हाताला न पाहता कसा सापडतो, हे ज्ञान वेशीवरच्या जकातदाराला दिसत नाही. ते त्यांनी बिनजकात आणले.

या घरांतून माग म्हणजे घराचाच एक भाग असे. पुरुष मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसे, बायका आणि म्हातारी माणसे कांड्या भरीत, मुले ताण्याला हात लावीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत दोरी ओढून धोटा पळवण्याचा माग आला, आणि एका विणकराचे काम जवळजवळ दुप्पट झाले. हातमागाचा धंदा जुनाट होता, नवे काही घेत नव्हता, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट पाहावी. उपयोगाचे यंत्र परवडले, की विणकर ते घेतो. त्याला ते शिकवण्यासाठी व्याख्यानमाला लागत नाही.

पण या घराण्यांतच हळूहळू दोन थर पडले. सूत उधार आणावे लागे, कापड सावकाराला वा सुताच्या व्यापाऱ्याला द्यावे लागे. हंगाम चुकला की उधारी चढे. ज्याला चार पैसे साठवता आले त्याने दहा माग घातले आणि तो कारखानदार झाला. ज्याला ते जमले नाही तो त्याच्या मागावर मजुरीने बसला. कारखानदार आणि मजूर एकाच जातीचे, एकाच देवळात जाणारे, पुष्कळदा सोयरेही. म्हणून या धंद्यात मालकाची गाठ कारखान्यातच सुटत नाही, ती लग्नाच्या पंगतीपर्यंत जाते. याचा फायदा असा की, अडीअडचणीला मालक उभा राहतो. तोटा असा की, मजुरी वाढवून मागणे हा घरचा अपमान ठरतो.

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या मंदीत हा पूर्व भाग बसेल असे वाटत होते. तो बसला नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली सोलापूर शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील एका मध्यम शहराचा असा घरोघरचा अभ्यास होणे हेच सोलापूरचे महत्त्व दाखवते. अशा पाहणीचा मोठा धडा हा की, शहर म्हणजे केवळ धुराडी नव्हेत. गिरणीखेरीज माग, हमाली, टांगे, दुकानदारी, घरकाम अशा शेकडो बारीक कामांवर शहर जगत असते.

तारेच्या आतले हात

गिरण्यांना लागणाऱ्या मजुरांची एक कहाणी आम्ही सहसा सभेत सांगत नाही, पण आज टाळता येणार नाही. ब्रिटिश सरकारने काही जमातींवर जन्मतःच 'गुन्हेगार' असा शिक्का मारला होता. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी ज्या वसाहती केल्या, त्यांतील मोठी वसाहत सोलापुरात होती. आजही त्या भागाला आपण 'सेटलमेंट' म्हणतो. तेथील माणसे गिरणीत कामाला जात. सकाळी हजेरी, कामावर हजेरी, परत आल्यावर पुन्हा हजेरी. देशभरातील हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. गिरणीच्या ताळेबंदात त्या मजुरांचा पगार असेल. त्यांच्या न मिळालेल्या स्वातंत्र्याचा खर्च कोणत्या खात्यात घातला, ते आम्हांला दिसत नाही. शहराच्या वाढीचा जमाखर्च मांडताना ही रक्कम वगळली तर तो हिशेब खोटा ठरेल.

मजूर गप्प बसले असे मात्र नाही. १९२० आणि १९२८ च्या संपांनी मालकांना आणि सरकारला जाग आणली. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी आली तेव्हा गिरणीकामगार आणि पेठेतले लोक एकत्र रस्त्यावर उतरले. काही दिवस सरकारची सत्ता गावात नावालाच उरली. मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्या चार नावांकडे पाहावे. चार वेगवेगळ्या समाजांची माणसे एकाच दिवशी एकाच कारणासाठी गेली. पेठेने आणि गिरणीने मिळून घडवलेले सोलापूर ते हेच. अशी एकी फक्त सभेतील भाषणांनी होत नाही; एका भोंग्यावर उठणाऱ्या आणि एका बाजारात उधारी करणाऱ्या माणसांत ती हळूहळू मुरते.

गिरणी कोणाची?

आता आमच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांनी, १९४९ च्या ऑगस्टमध्ये, जुनी मिल बंद पडली. हजारो घरांचा रोजगार थांबला. ९ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे राज्यघटना अमलात येण्यास जेमतेम पंधरवडा उरला असताना, केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपण नेमलेल्या संचालकांच्या हाती दिला. त्याच वर्षी त्या वटहुकुमाचा कायदा झाला. कारण दिले ते दुहेरी : गैरकारभारामुळे गरजेच्या मालाचे उत्पादन थांबले, आणि लोक बेकार झाले. एका शहरातील एका गिरणीसाठी संसदेने स्वतंत्र कायदा करावा, ही गोष्ट साधी नव्हती.

एका भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्याचे म्हणणे असे की, देशात इतक्या कंपन्या असता आमच्याच कंपनीला वेगळा कायदा का? ही समतेची पायमल्ली आहे. डिसेंबर १९५० मध्ये पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी ही मागणी फेटाळली, दोघांनी विरुद्ध मत दिले. एखादी कंपनी एकटीच एका वर्गात मोडू शकते, हे तत्त्व त्या निकालाने रुजले; कायद्याचे विद्यार्थी आजही तो निकाल वाचतात.

पण गोष्ट तेथे थांबली नाही. सरकारने नेमलेल्या संचालकांनी अर्धवट भरलेल्या प्रेफरन्स शेअरांवरील उरलेली रक्कम भागधारकांकडे मागितली. दुसऱ्या एका भागधारकाने विचारले : कारभार तुमचा, मत आम्हांला नाही, आणि पैसा मात्र आम्ही भरावयाचा, हा कोठला न्याय? १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले. नुकसानभरपाई न देता मालमत्तेचा सगळा ताबा काढून घेतला, म्हणून कायदा टिकत नाही, असा निकाल झाला. हा निकाल आणि त्या काळातील मालमत्तेविषयीचे आणखी काही निकाल यांमुळे १९५५ मध्ये राज्यघटनेत चौथी दुरुस्ती झाली. लोकहितासाठी वा नीट कारभारासाठी एखाद्या मालमत्तेचे व्यवस्थापन ठराविक मुदतीपुरते सरकारला घेता यावे, अशी तरतूद तिने केली.

आम्ही वकील नाही. निकालाची बाजू घेण्याचा आमचा अधिकारही नाही. तथापि एक नागरिक म्हणून आम्हांला यात दोन्हीकडचे सत्य दिसते. ज्याने पैसा घातला त्याला विचारल्यावाचून त्याच्याकडून आणखी पैसा मागणे अन्यायाचे आहे. आणि ज्यांनी तीन पिढ्या हात घातले त्यांना विचारल्यावाचून दाराला कुलूप घालणे, हाही अन्यायच आहे. कायद्यात पहिल्या माणसाला कलम होते. दुसऱ्याला तेव्हा कलम नव्हते. त्याच्यासाठी संसदेला धावावे लागले. 'गिरणी कोणाची?' हा प्रश्न आपल्या गावाने देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे नेला, ही सोलापूरच्या औद्योगिक इतिहासातील सर्वांत मोठी घटना आहे असे आम्ही मानतो. गिरणी मात्र त्याने वाचली नाही. काही काळ चालून कंपनी अखेर मोडीत निघाली.

इतर गिरण्यांचाही शेवट एकामागून एक झाला. १९९५ मध्ये लक्ष्मी-विष्णू बंद पडली, तेव्हा भोंग्यांचे युग संपले असेच गावाला वाटले. कारणे सर्व गिरणगावांना लागू पडणारी होती. युद्धकाळात मिळालेला नफा नव्या यंत्रांत न घालता वाटून घेतला गेला. जुन्या सांच्यांवर महाग कापड निघू लागले. कृत्रिम धाग्याचे कापड आले. आणि बाहेर, गल्लीबोळांत, यंत्रमाग उभे राहिले. गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने यंत्रमाग पुष्कळ ठिकाणी पत्र्याच्या शेडमध्ये नव्याने धडधडू लागले. भावंडांचे भांडण लागले ते येथे, आणि धाकटा जिंकला.

चादर आणि बिडी

धाकट्याच्या हाती जे शस्त्र होते ते म्हणजे चादर. लुगड्याचा धंदा आटू लागला तेव्हा पूर्व भागातील कारखानदार जकार्डच्या मागाकडे वळले. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते, आणि कोणता धागा उचलावा हे प्रत्येक भोक ठरवते. त्यातून फुले, मोर, वेली उमटतात. जाड, सुती, वर्षानुवर्षे धुतली तरी न फाटणारी सोलापुरी चादर महाराष्ट्राच्या प्रत्येक घरात गेली. लग्नाच्या आहेरात गेली, विद्यार्थ्याच्या वळकटीत गेली, एस. टी.च्या टपावर गेली. पुढे टॉवेलही निघाले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चादर व टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे सोलापूर या नावावर कायद्याने सोलापूरचा हक्क मान्य झाला.

पण केवळ गौरव गाऊन थांबलो तर आम्ही इतिहासाशी प्रामाणिक राहणार नाही. मानांकनाचा कागद भिंतीवर लागला तरी पानिपतची स्वस्त, हलकी चादर बाजारात आलीच. आपल्याकडच्या कारखानदाराने शेजाऱ्याचा नमुना उचलावा, भाव दोन रुपयांनी पाडावा, मग सुताचा दर्जा उतरवावा, आणि शेवटी सर्वांनी मिळून बाजाराला दोष द्यावा, असे पुष्कळदा झाले. नावाचा हक्क कायदा देतो. नावाची राखण आपल्यालाच करावी लागते.

आणि मागाच्या खडखडाटात ज्यांचा आवाज ऐकू येत नाही, अशा बायकांचे काय? विणकराची मजुरी पुरेना तेव्हा त्या घरच्या बाईने बिडीचे सूप मांडीवर घेतले. पान भिजवायचे, कात्रीने कापायचे, तंबाखू घालून वळायचे, दोऱ्याने बांधायचे. मजुरी हजार बिड्यांवर. त्यातून खराब म्हणून बाजूला काढलेल्या वजा. १९६६ मध्ये बिडी कामगारांसाठी कायदा झाला, पण सुपावरचे काम घरात चालत असल्याने कायद्याला ते घर शोधत जावे लागे. शहराच्या पूर्व भागातील हजारो संसार मागाच्या कमाईवर चालले असे आपण म्हणतो. वस्तुतः ते मागावर आणि सुपावर मिळून चालले. मंदीच्या महिन्यांत तर एकट्या सुपावर. सोलापूरच्या उद्योगाचा इतिहास या बाईला वगळून लिहिला, तर तो एका पायावर चालणारा इतिहास होईल.

याच बायकांनी आपल्या शहराला गेल्या काही वर्षांत एक नवी गोष्ट दाखवली. संघटना बांधून, वर्षानुवर्षे मोर्चे काढून, आपल्या बचतीत सरकारी मदतीची भर घालून त्यांनी घरे मिळवली. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. पुढे रे नगर येथे बिडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे अशा श्रमिकांसाठी पंधरा हजार घरे झाली. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ती त्यांच्या स्वाधीन केली. दोन वेगळ्या पक्षांच्या पंतप्रधानांना येथे यावे लागले. आम्ही राजकारण बाजूला ठेवून एवढेच म्हणतो : दुष्काळात वेशीशी येऊन उभ्या राहिलेल्या माणसाच्या पणतीला या गावात स्वतःच्या नावाचा दरवाजा मिळायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. धुराडे उभे राहायला तीन वर्षे पुरली होती.

हिशेब

आता बेरीज मांडू या. मोठे भांडवल सोलापुरात आले ते हिशेब करून, आणि हिशेब बिनसला तेव्हा गेले. त्याने पुष्कळ दिले : रोजगार, शहरी शिस्त, कामगारांची एकी, यंत्राची ओळख. ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. परंतु गेल्यावर त्याने मागे ठेवले ते रिकामे पटांगण आणि जमिनीचे दावे. लहान धंद्याने मागे काय ठेवले? हात. तोच हात हातमागावरून यंत्रमागावर गेला, लुगड्यावरून चादरीवर, चादरीवरून टॉवेलवर. आणि आता शाळांच्या गणवेशांच्या शिलाईवर तो चालू लागला आहे. कसब घरात राहते म्हणून धंदा बदलला तरी शहर बुडत नाही.

मात्र लहान तेवढे चांगले, असाही निष्कर्ष आम्ही काढत नाही. पत्र्याच्या शेडमधील उकाडा, कामाचे तास आणि न वाढणारी मजुरी ही लहानपणाचीच पापे आहेत. गिरणीकामगाराला फंड होता, रजा होती, संघटना होती. यंत्रमागावरच्या त्याच्या मुलाला पुष्कळदा यातले काहीच मिळाले नाही. धाकटा जिंकला खरा, पण थोरल्याने कामगाराला जे द्यायला सुरुवात केली होती, ते देणे त्याने चुकवले. ते देणे अजून बाकी आहे.

उद्या या शहरात नवे कारखाने येतील, कोणी कचेऱ्या उघडील, कोणी वसाहती आखील. त्यांचे स्वागत करावे. पण सोलापूरकराने पाहुण्याला तीन प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी. तुम्ही येथे कोणते कसब शिकवून जाल? मिळकतीतला किती वाटा येथे पुन्हा घालाल? आणि तुमच्या कामावर येणारा माणूस येथे नुसता राबेल, की नागरिक म्हणून राहील? जुन्या मिलच्या वेळी हे प्रश्न कोणी विचारले नाहीत, कारण वेशीवर दुष्काळ उभा होता आणि उपाशी माणूस अटी घालीत नाही. आज वेशीवर दुष्काळ नाही. आज न विचारण्याला आपल्याजवळ सबब नाही.

भाषण संपले की श्रोते घरी जातील. वाटेत पूर्व भागातून ज्यांना जायचे आहे त्यांना यंत्रमागाचा आवाज ऐकू येईल. आपण त्याला गोंगाट म्हणतो आणि खिडकी लावून घेतो. आज घटकाभर ती उघडी ठेवावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.